दोष आढळला नाही

बोरिवली पूर्व
११ नोव्हेंबर २०२४

अनंतमामा,

वस्तूबरोबर तक्रार कागदावर लिहून आली नाही तर तू हात लावत नाहीस, फोनवर तर ऐकूनच घेत नाहीस, हा नियम अजून चालू आहे असं कळलं. टेलिफोन एक्सचेंजमधून रिटायर होऊन सहा वर्षं झाली, तरी तुझं फॉल्ट-कार्ड काही सुटत नाही. घे, लिहून देते.

वस्तू तुझ्या ओळखीची आहे. सात वर्षांपूर्वी गिटारबरोबर तूच घेऊन दिलेली ही इफेक्ट्सची पेटी. पायाने बटण दाबायचं आणि गिटारचा आवाज बदलायचा, एवढंच तिचं काम. ते ती आता करत नाही. वाजवता वाजवता मध्येच मुकी होते. मिनिटभराने आपोआप बोलायला लागते. कधी चालते, कधी नाही. नवरात्रात नऊच्या नऊ दिवस वाजवली, एकदाही कुरकुरली नाही. दिवाळी पहाटेला मात्र मैदानात, भरल्या खुर्च्यांसमोर, माझा एकटीचा तुकडा आला आणि ही बया गप्प. मी तारा छेडतेय आणि आवाज शून्य. पुढच्या रांगेतल्या बायका माझ्याकडे इतक्या दयेने बघत होत्या की पेटी उचलून फेकावीशी वाटली.

आमच्या ऑर्केस्ट्राच्या मिहिरदादाने सरळ सांगितलंय, लग्नाचा सीझन आहे, पेटी अशीच दगा देत राहिली तर मी दुसरा गिटारिस्ट बघतो. माझी नोकरी या पेटीवर आहे, मामा. दुसरी कुठली नोकरी मी धरली नाही हे तुला माहीत आहे, आणि का धरली नाही हे बाबा तुला विचारत असतातच. म्हणजे विचारत नाहीत. तुझं नाव घरात काढायची बंदी आहे, त्यामुळे पेटी कुठे पाठवली हे मी त्यांना सांगितलेलं नाही. आई गावाला, कुडाळला. बाबांकडच्या आजीचा पाय मोडलाय, म्हणून सप्टेंबरपासून तिकडेच आहे. घरात आम्ही दोघं, आणि बोलणं 'चहा घेतलास' एवढंच.

पेटी हर्षद घेऊन येतोय. तो आमचा ड्रमर, ऑफिस मुलुंडला आहे त्याचं. लवकर कर.

श्रुतिका

*

मुलुंड पूर्व
१६ नोव्हेंबर २०२४

चि. श्रुतिकास अनेक आशीर्वाद.

दोष आढळला नाही.

पेटी उघडली, टेबलावरचा साठ वॅटचा दिवा बरोबर वर लावला आणि सलग आठ तास चालू ठेवली. एकदाही मुकी झाली नाही. वायर जिथे घुसते तिथला टाका सैल वाटला, तो नव्याने मारला. अडॅप्टर तपासला. तो माझ्यापेक्षा ठणठणीत आहे.

'कधी चालते, कधी नाही' याला तक्रार म्हणत नाहीत, रडगाणं म्हणतात. जो दोष सतत असतो तो शेंबडं पोरही शोधतं. जो येतो-जातो त्याची पाळत ठेवावी लागते. मी एक्सचेंजमध्ये होतो तेव्हा एका डॉक्टरांचा फोन फक्त संध्याकाळी बंद पडायचा. सहा महिने सगळ्यांनी आपलं डोकं फोडून घेतलं. शेवटी कारण निघालं खांबाशेजारच्या वडापावच्या गाडीची वाफ. तेव्हा यापुढे पेटी बंद पडली की लगेच लिहायचं: तारीख, वेळ, जागा, पंखा होता की एसी, पेटी कशावर ठेवली होती. न चुकता. नंतर आठवून लिहिलेलं मला नको, त्यात माणूस मनाचं घालतो.

तुझ्या बाबांबद्दल मी काही विचारलं नव्हतं. सात वर्षांपूर्वी गणपतीत चारचौघांत 'माझ्या पोरीची वाट लावलीस' म्हणून त्यांनी मला दारातून परत पाठवलं, तेवढी चौकशी मला जन्माला पुरेल.

तुझा,
अनंतमामा

*

बोरिवली पूर्व
२ डिसेंबर २०२४

मामा,

तुझा दोष आढळत नाही, आणि माझी अब्रू जाते.

तू मागितलीस ती कुंडली मांडली आहे, वाच.

२२ नोव्हेंबर. बोरिवली, लग्नाचा हॉल, एसी. तीन तास वाजवली, काही झालं नाही. २४ नोव्हेंबर. मढ, शूटिंगला देतात तसला एक बंगला, समुद्रासमोरचं लॉन, साखरपुडा. पेटी गवतावर. सूर्य बुडाल्यानंतर तासाभरात तीनदा मुकी. २६, २७, २८, घरी, दुपारी, काही नाही. ३० नोव्हेंबर. मालाड, उघडं मैदान, सोसायट्यांचा मेळावा, संध्याकाळ. दुसऱ्याच गाण्याला गेली ती गेलीच. मी कीबोर्डवाल्याकडे बघितलं, त्याने माझा तुकडा उचलला आणि माझ्यापेक्षा बरा वाजवला. टाळ्या पडल्या. मी अर्धा तास नुसती गिटार गळ्यात घालून उभी.

खाली उतरल्यावर मिहिरदादा ओरडला असता तर बरं झालं असतं. तो शांतपणे म्हणाला, 'श्रुती, सव्वीस जानेवारीपर्यंत साइडला बस. मढचा मोठा कार्यक्रम आहे तेव्हा, तोपर्यंत पेटी नीट झाली तर बघू.' साइडला म्हणजे मागे उभं राहून दोन सूर छेडायचे, आणि आपलं नाव माइकवरून कुणी घेत नाही.

आणि घरी आले तर बाबा दारातच. 'पडली का बंद?' म्हणाले. यांना कसं कळलं? मी तर काही बोलले नव्हते. चेहरा बघून म्हणाले असतील. पण डोकं फिरलं माझं. ही पेटी आणली त्या दिवशी ते म्हणाले होते, 'एक दिवस खाडीत नेऊन टाकतंय ही.' हे मी विसरलेले नाही.

पेटी परत पाठवतेय. दिव्याखाली ठेवून आरती करू नकोस, दोष शोध.

श्रुतिका

*

मुलुंड पूर्व
९ डिसेंबर २०२४

चि. श्रुतिकास आशीर्वाद.

दोष आढळला.

तुझी टिपणं चांगली आहेत, भाषा सोडून. एसीत चालते, दुपारी घरी चालते, समुद्राकाठी आणि दवात मरते. म्हणजे ओल. माझ्या दिव्याने पेटी शेकून निघत होती, म्हणून माझ्यासमोर ती शहाण्यासारखी वागली. ही चूक माझी, मान्य. या वेळी आंघोळीनंतर वाफेने भरलेल्या न्हाणीघरात नेऊन ठेवली. सातव्या मिनिटाला मुकी झाली.

आता कारण. या पेटीची मधली दोन बटणं एकदम दाबून धरली की ती मुद्दाम गप्प होते, म्हणजे लोकांना न ऐकवता तारा सुरात लावता येतात. तुझी पेटी मोडलेली नाही. तिला वाटतं तू ती दोन बटणं दाबून उभी आहेस. बटणांवरचं रबर सोलून पाहिलं. दोन्हीखाली पाणी उतरल्याचा डाग आहे आणि तांबूस गंज धरलेला दिसतो. हवा दमट झाली की तो ओलावतो आणि वीज नको तिथून वाट काढते. नवी बटणं मागवली आहेत, आली की जुनी काढून बसवतो. तोपर्यंत पेटी इथेच राहील.

आता जे लिहितो ते नीट वाच. पावसाचं पाणी कडेने शिरतं आणि खाली साचतं. हे वरून आलंय, बरोबर मधोमध, बेताने, दोन बटणांवरच. बाकी पेटी कोरडी आहे. असं पाणी आपोआप पडत नाही, कुणीतरी घातलेलं आहे. तुझ्या घरात कोण आहे ते तुला ठाऊक. मी नाव घेणार नाही, माझ्यावर नाव घ्यायची बंदी आहे.

तुझा,
अनंतमामा

*

मालाड पश्चिम
१५ डिसेंबर २०२४

मामा,

पत्ता बदललाय, वर बघ. सईकडे राहते, आमची गायिका. तिच्याकडे एक खोली रिकामी आहे.

तुझं पत्र हातात घेऊनच विचारलं. बाबा त्यांचे जुने पाने पुसत बसले होते. बस डेपोतून मेकॅनिक म्हणून रिटायर झाले तरी दर आठवड्याला ते पाने काढतात, तेल लावतात, परत ठेवतात. म्हटलं, 'बाबा, माझ्या पेटीवर पाणी तुम्ही घातलंत?' वर न बघता म्हणाले, 'होय. मिया घातलंय. काय करूचा असात तां कर.'

बस. एवढंच. ना लाज, ना कारण. मी विचारलं, का? तर पाना पुसत राहिले. मी जे तोंडाला येईल ते बोलले. म्हटलं, तुम्हाला माझं वाजवणं आवडत नाही तर गिटार मोडा समोर, हे चोरून कसलं करता. सात वर्षांत एकदा तरी आलात का बघायला. ते उठले, पाने पिशवीत भरले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले, माझ्याकडे पाठ करून. मी कपडे भरले. त्यांनी थांबवलं नाही.

तू बरोबर होतास. सात वर्षं तू बरोबर होतास. आईला काही कळवू नकोस, तिकडे तिला तेवढीच एक आजी पुरे आहे. तुझी बटणं कधी येणार? सव्वीस तारीख जवळ येतेय.

श्रुतिका

*

मुलुंड पूर्व
२१ डिसेंबर २०२४

चि. श्रुतिकास आशीर्वाद.

दोन्ही बटणं बदलली, आतून स्वच्छ केली. न्हाणीघरात दोन तास ठेवली, एकदाही मुकी झाली नाही. दोष: ओल. आता चालेल. गवतावर ठेवू नकोस, खाली पाट घे.

अनंतमामा

*

मुलुंड पूर्व
२२ जानेवारी २०२५

चि. श्रुतिकास आशीर्वाद.

हे पत्र एका बैठकीत वाच आणि फाडू नकोस.

गेल्या महिन्यात तुला चार ओळींची चिठ्ठी पाठवली ती अर्धी होती. जुनी बटणं काढली तेव्हा त्यांच्या खाली गंज नव्हताच. हळद-कुंकू होतं. पाण्यात कालवलेलं, वाळून खरपुडी धरलेलं. ज्याला मी तांबूस गंज म्हणालो ते कुंकू होतं, श्रुतिका. चाळीस वर्षं वायरींत घालवून मला गंज आणि कुंकू यांतला फरक कळला नाही, कारण मला कळून घ्यायचा नव्हता. आणि एका बटणाच्या खाचेत तांदळाचा एक दाणा सापडला. पिवळा. अक्षतेचा.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी तुमच्याकडे हत्यारांची पूजा असते, हे मला तुझ्या आईच्या लग्नापासून माहीत आहे. पाने, हातोडी, विळी, सगळं पाटावर मांडतात. दाणा बघितल्या क्षणी मला सगळं कळलं. ही तारीख होती २० डिसेंबर. तो दाणा मी एका छोट्या बाटलीत घालून टेबलावर ठेवला आणि तुला लिहिलं, 'दोष: ओल.' खोटं काही नव्हतं त्यात.

का लपवलं ते सांगतो. तू लिहिलं होतंस, 'सात वर्षं तू बरोबर होतास.' ते वाक्य मी रोज वाचत होतो. मला ते सोडवेना.

आणि मी आजही स्वतःहून लिहिलं असतं की नाही, सांगता येत नाही. काल तुझी आई तिळगूळ घेऊन आली. गावाहून येऊन चार दिवस झाले तिला. तू बँडच्या कामासाठी मालाडला राहतेस, एवढंच तुझ्या बाबांनी तिला सांगितलंय. तिने टेबलावरची बाटली उचलली, दाणा तुझ्या पेटीत सापडला म्हणालो तशी हसायला लागली. म्हणाली, 'दसऱ्याच्या वेळी ह्यांचा फोन. चेडवाच्या हत्याराक, तेच्या पेटीक, कुंकू लावचा हा, किती पातळ करू? कोणाला सांगू नको म्हणाले.' मग माझा चेहरा बघून तिचं हसू थांबलं. मी तिला सगळं सांगितलं. तिळगुळाचा डबा तिने परत पिशवीत घातला आणि निघून गेली.

पाने लोखंडाचे असतात, त्यांना पाणी लागलं तर पुसून टाकता येतं. तुझ्या बाबांना काय माहीत पेटीच्या आत काय असतं. कुंकू नुसतं लावून सोडलं असतं तरी वरच्यावर वाळलं असतं. त्यांनी नंतर ओल्या फडक्याने पुसलं आहे, दाबून. त्यामुळे ते आत उतरलं.

अनंतमामा

*

बोरिवली पूर्व
३० जानेवारी २०२५

मामा,

फाडलं नाही. चार वेळा फाडायला घेतलं.

पाच आठवडे. तू बाटलीत दाणा ठेवून त्याच्याकडे बघत बसलास आणि मी पाच आठवडे सईच्या घरी, माझा बाप माझ्या पोटावर पाणी ओततो असं जगाला सांगत फिरले. हर्षदला सांगितलं. मिहिरदादाला सांगितलं. सईच्या आईने मला जवळ घेऊन 'काय बाई एकेक बाप असतात' म्हटलं, आणि मी मान हलवली. ती मान आता कुठे नेऊन ठेवू?

तुझं पत्र वाचलं आणि तशीच बोरिवलीला आले. आई दारात होती. बाबा भात जेवत होते. मी विचारलं, 'सांगितलं का नाहीत मला?' मला वाटलं होतं मी रडेन, पण रागच आला इतका. म्हटलं, दीड महिना तुम्ही मला तसंच समजू दिलंत?

ते म्हणाले, 'तू इचारलंस, पाणी घातलंस काय. घातलेलंय. पूजा केलंस काय म्हणान इचारलंस?'

बोला आता. मी म्हटलं, मग पुसलंत कशाला? मला दिसलं असतं तर तेव्हाच कळलं असतं. ते भात कालवत राहिले. मग म्हणाले, 'तू कार्यक्रमाहून येऊन झोपलेलं. उठून बघितलं असतंस तर हसलं असतंस. सात वर्षां मिया तेका भंगार म्हणतंय, आणि आता तेचीच पूजा.' मग म्हणाले, 'ज्याच्यावर पोट भरता तां हत्यार. माझो पानो, तुझी ती पेटी. पोट तुझा भरता की नाय?'

मला त्यांचा राग आहे. एक शब्द बोलले असते तर काय झिजले असते? पण त्यांनी खोटं लिहून तर दिलं नाही ना. तू दिलंस. सही करून, आशीर्वाद देऊन. 'तुझ्या घरात कोण आहे ते तुला ठाऊक.' मला काहीच ठाऊक नव्हतं, मामा, आणि तुलाही नव्हतं. तुझा नियम आहे ना, नंतर आठवून लिहायचं नाही, माणूस मनाचं घालतो? तू समोर बघून मनाचं घातलंस.

सव्वीस तारखेला मढला पेटी पूर्ण चालली. समुद्रासमोर, अंधार पडल्यावर, खाली पाट घेऊन. मला माझी जागा परत मिळाली. हे कळवते कारण दुरुस्ती तू केलीस, आणि तेवढं तुझं देणं लागते. बाकी तुझा नियम तुलाच लावते. जे केलंस ते कागदावर लिही आणि बाबांना पाठव. ते येईपर्यंत माझ्याकडून कागद येणार नाही.

श्रुतिका

*

बोरिवली पूर्व
१० सप्टेंबर २०२५

अनंतास,

सध्या पितृपक्ष चालू आहे. शुभ काही करायचं नसतं, म्हणून तुला पत्र लिहायला हरकत नाही.

मी पत्रं लिहिणारा माणूस नाही. बत्तीस वर्षं बसगाड्यांखाली उताणा पडून काम केलं, एकाही ड्रायव्हरकडे तक्रार कागदावर मागितली नाही. गाडीचा आवाज ऐकला की कळायचं. पण दुकान तुझं, नियम तुझा.

मुलगी म्हणाली होती की तू मला काहीतरी लिहून पाठवणार आहेस. सात महिने झाले. टपालात हरवलं असेल असं मी तुझ्या बहिणीला सांगतो. ती ऐकून घेते.

मी महिनाभर या घरात एकटा भात शिजवून खाल्ला ते मी विसरणार नाही. गणपतीत मी तुला दारातून घालवला, तेही विसरलेलो नाही. ते तेव्हा बरोबर वाटलं होतं. आता त्याबद्दल मला काही लिहायचं नाही.

विचारायचं ते असं. नवमीला पाटावर हत्यारं मांडायची आहेत. गेल्या वर्षी चुकलं. या वर्षी ती पेटी मांडायची की नाही, आणि मांडली तर कुंकू नेमकं कुठे लावायचं म्हणजे आत जाणार नाही, हे लिहून कळव. मुलीला विचारलं तर ती म्हणेल, 'राहू दे बाबा, नको.' म्हणून तुला विचारतो. दुसऱ्या कोणाला यातलं कळत नाही. पेटी हर्षदबरोबर पाठवली आहे, तिला सांगितलंय की तपासणीला दिली. नवरात्राआधी परत हवी.

तिचा कार्यक्रम मी अजून पाहिलेला नाही. त्यावरून काही शहाणपण लिहू नकोस.

दत्ताराम

*

मुलुंड पूर्व
१५ सप्टेंबर २०२५

भावोजींस साष्टांग नमस्कार.

टपालात काही हरवलं नाही. मी लिहिलंच नव्हतं. अकरा वेळा कागद घेतला आणि अकराही वेळा दोष तुमचाच निघत होता, म्हणून फाडला. आता तुम्हीच आधी लिहिलंत आणि तेवढीही सोय ठेवली नाहीत.

तेव्हा लिहून देतो. तुम्ही पाणी घातलं नाही. तुम्ही पूजा केली. मी न बघता तुमच्यावर आळ घेतला, आणि बघितल्यावर तो पाच आठवडे तसाच राहू दिला. त्याबद्दल क्षमा मागतो. हे पत्र मुलीला दाखवलंत तरी चालेल, माझ्या बहिणीला, वनमालाताईला, तर दाखवाच. गणपतीतल्या गोष्टीचा माझा राग अजून आहे, तो मी ठेवून घेतो.

पेटी पाटावर जरूर मांडा. तपासली, दोष आढळला नाही. तिच्या डाव्या अंगाला, बटणांपासून दूर, बोटभर रुंद पितळी पट्टी स्क्रूने बसवली आहे. मागे नुसता पत्रा आहे, आत जायला वाट नाही. कुंकू तिथे लावा. ओलं केलंत तरी चालेल, हवं तेवढं. अक्षता समोर पाटावर ठेवा, वर टाकू नका. गेल्या वर्षीचा दाणा बाटलीत घालून सोबत परत पाठवत आहे. तो तुमचा आहे.

आणि या वेळी पुसू नका.

आपला,
अनंत